ऑपरेशननंतर बाबांचे पाय परत कसे आणले: वयस्कर पेशंटच्या घरच्यांसाठी, पायरी पायरीने

बाबांना डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी धो धो पाऊस होता. आमच्या नेरूळच्या सिडको बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर. वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची घेतली, बाबांना तिच्यात बसवलं आणि वॉचमन, मी आणि शेजारचा पोरगा अशा तिघांनी वर नेलं. दारात पोचल्यावर बाबा म्हणाले, "चला, पालखीतून आलो एकदाचा." सगळे हसलो. पण त्यांचं मनगटावरचं घड्याळ घसरून पार कोपराजवळ गेलं होतं.

वय ७२. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया, हॉस्पिटलात अकरा दिवस. गाठ नीट निघाली होती आणि डॉक्टर समाधानी होते. डिस्चार्ज कार्डावर हालचालीबद्दल एकच ओळ होती, 'झेपेल तसं हिंडवा'. झेपेल म्हणजे किती, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मग आम्ही सेवा सुरू केली. पाणी हातात, ताट हातात, लघवीचं भांडं पलंगाखाली. उठायचं म्हटलं की मी एका काखेत हात घालणार, आई दुसऱ्या काखेत. आत्या नारळपाणी घेऊन आली, मामा सफरचंदं घेऊन आला, आणि जाताना प्रत्येकाचं एकच वाक्य: "आता फक्त आराम." तीन आठवड्यांनी बाबा कमोडवरून उठू शकले नाहीत. जखम भरली होती, ताप नव्हता, रिपोर्ट चांगले होते. पायांत उठण्याइतकी ताकद उरली नव्हती, एवढंच.

तिथून पुढे जे शिकलो ते इथे लिहितोय. आमचा अनुभव पोटाच्या शस्त्रक्रियेचा आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर खांद्याचा आणि हाताच्या सुजेचा, तोंडाच्या-मानेच्या शस्त्रक्रियेनंतर लोंबणाऱ्या खांद्याचा प्रश्न वेगळा असतो आणि त्याचे व्यायाम वेगळे शिकावे लागतात. पायांची गोष्ट मात्र सगळ्यांना लागू आहे.

१. आधी काय बिघडलंय ते समजून घ्या

म्हातारपणी स्नायू तसेही हळूहळू झिजत असतात. डॉक्टर त्याला सार्कोपेनिया म्हणतात. त्यावर कॅन्सर, शस्त्रक्रियेचा ताण, अंगातली सूज, गेलेली भूक आणि वरून पलंग. यातला पलंग सगळ्यात हलका वाटतो, पण तोच महागात पडतो. अमेरिकेत धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवून पाहिलं होतं, तर त्यांच्या पायांतला सुमारे एक किलो स्नायू गेला. या लोकांना आजार काहीच नव्हता. बाबांचे अकरा दिवस हॉस्पिटलचे आणि वर आमच्या सेवेचे तीन आठवडे, असा हिशेब केला तेव्हा मला खरंच घाम फुटला.

स्नायू नुसत्या खाण्यानं परत येत नाही. त्याच्यावर भार पडावा लागतो. भाराशिवाय खाणं दिलं तर पोट सुटतं आणि मांड्या तशाच काडीसारख्या राहतात. उलट, खाणं न देता व्यायाम करवला तर माणूस थकून आडवा होतो. दोन्ही एकदम सुरू व्हायला हवं.

वजनकाट्यावर विसंबू नका. बाबांचं वजन घरी आल्यावर दोन किलोंनी वाढलं आणि आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. ती पायांवरची सूज होती.

२. हॉस्पिटलात असतानाच सुरुवात

तुमचं ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर फारच बरं. मधल्या दोन-चार आठवड्यांत चालणं, खुर्चीतून उठबस आणि श्वासाचे व्यायाम सुरू करा. वाढीव ताकद घेऊन टेबलावर गेलेला माणूस लवकर उभा राहतो.

ऑपरेशन झाल्यावर श्वासाच्या व्यायामासाठी तीन रंगीत गोळ्यांचं यंत्र, म्हणजे स्पायरोमीटर, हातात देतात. ते ओढायचं असतं, फुंकायचं नसतं. बाबांनी दोन दिवस फुगा फुगवल्यासारखं फुंकलं आणि शेजारच्या पलंगावरचे आजोबाही त्यांचं बघून फुंकायला लागले. हळू, खोल श्वास आत ओढायचा, गोळी वर धरायची, मग तोंडातली नळी काढून श्वास सोडायचा. जागं असताना दर तासाला आठ-दहा वेळा. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची म्हणजे टाके ताणत नाहीत. पडल्या पडल्या चवडे वर-खाली करत राहायचे. पायांत रक्त साकळू नये म्हणून त्याचा उपयोग होतो.

पलंगावरून सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, मग खालच्या कोपराचा आणि वरच्या हाताचा रेटा देऊन बसायचं. बसल्यावर मिनीट-दोन मिनिटं तसंच थांबायचं, नाहीतर चक्कर येते.

घरी निघण्याआधी वॉर्डातल्या फिजिओला गाठा आणि व्यायाम कागदावर लिहून मागा. मोबाइलवर व्हिडिओ काढू देतात का तेही विचारा.

३. कागदपत्रं

एकच प्लास्टिकचं फोल्डर करा आणि फिजिओ पहिल्यांदा येईल तेव्हा पुढ्यात ठेवा:

- डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेचा तपशील (कुठे कापलंय, स्टोमा म्हणजे शौचासाठी पोटावर काढलेलं तोंड आणि त्याला पिशवी आहे का)
- बायोप्सीचा आणि शेवटच्या स्कॅनचा रिपोर्ट. हाडांत आजार पसरला आहे की नाही हे फिजिओला माहीत असलंच पाहिजे
- ताजा रक्ताचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पांढऱ्या पेशी, क्रिएटिनिन
- चालू औषधांची यादी, खास करून बीपी, शुगर आणि रक्त पातळ करायची
- सर्जनची चिठ्ठी, जिच्यात फिजिओथेरपीचा सल्ला लिहिलेला आहे
- मेडिक्लेम पॉलिसीची प्रत

पाचव्या कागदावर जोर देतो. बऱ्याच पॉलिसींत हॉस्पिटलनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांचा खर्च मिळतो, पण उपचार डॉक्टरांनी लिहून दिलेला लागतो. आमची चिठ्ठी महिन्यानंतरच्या तारखेची होती आणि पहिल्या काही पावत्यांवर फिजिओचा नोंदणी क्रमांक नव्हता. त्या पावत्यांचे पैसे गेले. घरी येऊन दिलेली फिजिओथेरपी धरतात की नाही हे पॉलिसीगणिक बदलतं, तेव्हा आधीच फोन करून विचारा.

४. फिजिओ शोधणं

भौतिकोपचाराची पदवी म्हणजे बी.पी.टी., त्यापुढे एम.पी.टी. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. पावतीसाठी तो लागणारच आहे.

आमच्याकडे पहिल्यांदा जे गृहस्थ आले त्यांनी बॅगेतून मशीन काढलं, बाबांच्या मांडीला आणि कमरेला पट्ट्या लावल्या, वीस मिनिटं करंट दिला आणि पैसे घेऊन गेले. बाबा खूश, कारण त्यांना पडूनच राहायचं होतं. असे पाच दिवस गेले. डिस्चार्ज कार्ड त्यांनी मागितलंच नाही. पुढे कळलं की गाठ होती त्या भागावर अल्ट्रासाउंड किंवा डायथर्मीसारखी शेकाची मशीनं वापरायची नसतात, आणि करंटसुद्धा कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. शिवाय असल्या मशीननं माणसाला खुर्चीतून उठता येत नाही. पहिल्याच दिवशी जो पेशंटला उठवून, चालवून पाहत नाही त्याला दुसऱ्या दिवशी बोलावू नका, हे माझं मत.

दुसऱ्या मॅडम आल्या. त्यांनी अर्धा तास नुसते कागद वाचले. मग बाबांना म्हणाल्या, "काका, मला दारापर्यंत सोडायला या." बाबा शिष्टाचाराचे पक्के, उठलेच. तीच त्यांची तपासणी होती.

रोज घरी बोलावणं परवडत नसेल तर आठवड्यातून एकदा बोलावून बाकीचे दिवस घरच्यांनी करून घ्यायचं, हे चालतं. आम्ही पहिल्या पंधरवड्यानंतर तेच केलं. फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीचीही चौकशी करा. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याला एमजीएम. तिथे विद्यार्थी हात लावतात, पण वर शिक्षक असतात आणि वेळ भरपूर देतात. खारघरच्या टाटाच्या केंद्रात, म्हणजे ॲक्ट्रेकमध्ये उपचार चालू असतील तर फॉलोअपच्या दिवशीच तिथल्या फिजिओथेरपीबद्दल विचारून घ्या, वेगळी फेरी पडणार नाही.

५. घराची तयारी आणि सामान

बाथरूममध्ये भिंतीत पक्का बसवलेला दांडा. टॉवेल वाळत घालायचा स्टीलचा रॉड माणसाचं वजन घेत नाही, आमचा स्क्रूसकट निघून हातात आला. सुदैवानं मी मागे उभा होतो. पायपुसणी उचलून टाका. रात्री संडासाच्या वाटेवर छोटा दिवा. घरात मागे पट्टा असलेली चप्पल.

बाकी सामान थोडकं:

- हात असलेली, न डुगडुगणारी खुर्ची, भिंतीला टेकवलेली
- दोन-तीन जुन्या चादरी किंवा एक गोधडी
- अर्धा किलोचे वेट कफ, म्हणजे पायाला बांधायची वजनं (नसतील तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या)
- रबरी पट्टा, पिवळा किंवा लाल. पिवळा हलका, लाल त्याहून कडक, हिरवा आणखी
- शिंप्याची टेप
- सेकंद दाखवणारं घड्याळ आणि वही

वॉकर भाड्यानं आणा, विकत नको. आम्हाला तो तीन आठवडेच लागला.

६. मोजून ठेवा

मॅडमनी पहिल्या दिवशी तीन गोष्टी मोजल्या. पोटरीचा सगळ्यात जाड घेर: आशियाई लोकांसाठी पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू घटल्याचा संशय घेतात. पायावर सूज असेल तर हा आकडा फसवतो. हाताची पकड त्यांनी छोट्या यंत्रावर घेतली: पुरुषांना २८ आणि बायकांना १८ किलो, त्याखाली कमकुवत.

तिसरी तपासणी घरी रोज करण्यासारखी नसली तरी महिन्यातून एकदा जरूर करा. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं? ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ आणि बाईला १० पेक्षा कमी जमलं तर पायांची ताकद कमी आणि पडण्याचा धोका जास्त धरतात. बाबांचा आकडा आला शून्य. हात टेकून चार. वहीत शून्य लिहिताना मला जड गेलं, तर बाबाच म्हणाले, "लिही लिही, मॅट्रिकला गणितात याच्याच आसपास होते."

७. व्यायाम: खुर्ची, ओटा, पॅसेज, जिना

खुर्चीपासून सुरू करा. दुसरं काहीच जमलं नाही तरी हे करा. सीट उंच करण्यासाठी तिच्यावर चादरींची घडी ठेवायची. आमच्या तीन चादरी होत्या. पुढे सरकून कडेला बसायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं वाकायचं आणि मग उठायचं. माणूस उठत नाही याचं निम्मं कारण तो पुढे वाकत नाही, ताठ बसून वर उचलून घ्यायला बघतो. उठताना श्वास सोडायचा. बाबा श्वास रोखून धरायचे, म्हणून मॅडमनी आकडे मोठ्यानं म्हणायला लावले. मोठ्यानं 'तीन' म्हणणाऱ्याला श्वास रोखताच येत नाही. बसताना धप्पकन पडायचं नाही, मनात तीन मोजत सावकाश बसायचं. खरी मेहनत त्या बसण्यात आहे.

पहिल्या दिवशी हात टेकून तीन वेळा झालं. मग पाच-पाचच्या दोन खेपा. चार-पाच दिवसांनी एक चादर कमी. पुन्हा काही दिवसांनी दुसरी. चादरी संपल्यावर एक हात कमी, मग दुसरा. दोन्ही हात छातीवर घेऊन एकदा पूर्ण उठायला बाबांना पाच आठवडे लागले.

या सगळ्यात घरच्यांनी काय करायचं? हात पाठीमागे बांधून शेजारी उभं राहायचं. खरंच सांगतो, आमच्या घरात सगळ्यात अवघड व्यायाम आईचा होता. बाबा अर्ध्यावर थरथरायला लागले की तिचा हात आपोआप पुढे जायचा. मॅडमनी शेवटी तिच्या हातात वही दिली: "काकू, तुम्ही फक्त मोजा." पडू नये म्हणून धरणं वेगळं आणि उचलणं वेगळं. धरायचंच असेल तर कमरेच्या कापडी पट्ट्याला धरा, काखेत हात घालून ओढू नका, त्यानं खांदा दुखावतो.

दुसरी जागा स्वयंपाकघराचा ओटा. कमरेइतका उंच आणि न हलणारा. त्याला धरून टाचा उचलायच्या, एक पाय बाजूला न्यायचा, मग मागे न्यायचा, गुडघे थोडे वाकवून परत सरळ. खुर्चीत बसून पायाला कफ बांधून गुडघा सरळ करायचा आणि पाच मोजेपर्यंत धरायचा. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून कोपर मागे ओढायचे.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, एक खेप, जमेल तशा दोन. हे एक दिवसाआड, आठवड्यातून दोन-तीनदाच. स्नायू विश्रांतीच्या दिवशी बांधला जातो. ताकदीचे व्यायाम रोज करवून थकवणारे उत्साही चिरंजीव मी दोन पाहिलेत, त्यातला एक मी.

किती जोर लावायचा? शून्य ते दहाच्या मापात पाच-सहा वाटलं पाहिजे. बोलता यावं, पण गाता येऊ नये. बारातल्या शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. बारा वेळा सहज व्हायला लागलं, तेही व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी, की वाढवायचं: चादर कमी, बाटली मोठी किंवा पट्टा पुढच्या रंगाचा. महिनाभर तेच दहा, त्याच उंचीवरून, हा सापळा फार लोकांना लागतो. व्यायाम चालू असतो, स्नायू जिथल्या तिथे.

पोटाचं मात्र जपून. साधारण सहा आठवडे चार-पाच किलोंच्या वर उचलायचं नाही, आणि सर्जननं जास्त सांगितलं असेल तर तेवढे. भरलेली बादली पंधरा किलोंच्या वर जाते, हे बाबांना पटवायला वजनकाटा आणावा लागला. पडून उठण्याचे पोटाचे व्यायाम आणि शेजारच्या काकांनी सुचवलेली कपालभाती, दोन्ही सर्जनच्या परवानगीशिवाय नाही. स्टोमा असेल तर हर्नियाचा धोका जास्त, त्यामुळे पोटाला पट्टा लावायचा का ते विचारून घ्या.

चालणं रोज. पावसामुळे आमचं सगळं पॅसेजमध्येच झालं. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी थोडंच, जेवल्यावर, चहाआधी, बातम्यांच्या मधे. सलग अर्धा तास चालवून दमवण्यापेक्षा हे बरं.

जिना सहाव्या आठवड्यापासून. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी, एक हात कठड्याला. पहिल्या दिवशी एक मजला खाली जाऊन परत. वळणावर स्टूल ठेवलं होतं आणि मजल्यावरच्या दोन्ही बिऱ्हाडांना सांगून ठेवलं होतं. तरी कुणी ना कुणी दार उघडून "काका, कशाला उगाच त्रास घेताय" म्हणायचंच.

८. ताटात काय

साबुदाण्याची खीर, भाताची पेज, नारळपाणी, सफरचंद. आजाऱ्याला आपण हेच देतो, आणि यात प्रथिनं फारच कमी असतात. आजारातून उठणाऱ्या ज्येष्ठाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. बाबा ५६ किलोंवर आले होते, म्हणजे ६७ ते ८४ ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा वेगळा असतो, म्हणून क्रिएटिनिन दाखवून आहारतज्ज्ञाला आधी विचारा.

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, मोठ्या कपभर दुधात ६-७, बांगड्याच्या शंभर ग्रॅममध्ये १८ ते २०. बोंबील बाबांचा आवडता, पण ओल्या बोंबलात पाणीच जास्त. आईनं पेज बंद केली नाही, तिच्यात दुधाची पावडर घालायला लागली. सकाळी मुगाचं धिरडं आणि दोन अंड्यांचा पांढरा-पिवळा सगळा भाग, नीट शिजवलेला. संध्याकाळी पाच वाजता पनीर. रात्रीच्या एकाच जेवणात सगळं कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळा वीस-पंचवीस ग्रॅम येतील असं पाहा. आतड्याच्या ऑपरेशननंतर कडधान्यांनी गॅस होतो. आधी मूग, मटकी नंतर, चवळी-राजमा बऱ्याच उशिरा.

९. कधी थांबायचं

व्यायाम बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा: ताप, जखमेतून पाणी किंवा रक्त, पोट फुगून उलट्या, एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणं, कंबरेत किंवा हाडात नवं, रात्री वाढणारं दुखणं, अचानक पाय लुळे पडणं. छातीत दुखलं किंवा एकाएकी दम लागला तर फोन करत बसू नका, थेट कॅज्युअल्टी. आणि एक पाय सुजला म्हणून तेल लावून मालीश तर अजिबात नाही. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

१०. केमो सुरू झाल्यावर

बाबांची केमो सातव्या आठवड्यात सुरू झाली, दर तीन आठवड्यांनी एक सलाइन आणि मधे गोळ्या. सलाइननंतरचे चार-पाच दिवस वाया जायचे, म्हणून मॅडमनी वेळापत्रकच तीन आठवड्यांचं केलं: पहिल्या आठवड्यात नुसतं पॅसेजमध्ये चालणं आणि पाच वेळा खुर्ची, दुसऱ्यात निम्मं, तिसऱ्यात पूर्ण. एकदम बंद करायचं नाही. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर वजनं आणि पट्टे बंद, बाकीचंही डॉक्टरांना विचारून.

सलाइनमधून ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर पावलांना मुंग्या येतात आणि जमीन नीट कळत नाही. तेव्हा जिना एकट्यानं नको, घरातही अनवाणी नको. गोळ्यांनी तळवे लाल होऊन सोलले जात असतील तर त्या दिवसांत चालणं कमी आणि बसून करायचे व्यायाम जास्त.

११. घरातलंच काहीतरी ध्येय ठेवा

'स्नायू वाढवा' म्हटलं की म्हातारा माणूस हसतो. बाबांना गणपतीला आरतीसाठी उभं राहायचं होतं. पाटावर बसून पूजा करायची त्यांची हौस मॅडमनी मोडून काढली आणि स्टुलावर बसून करा म्हणाल्या. आरतीला मात्र उभे. मग ऑगस्टभर रोज ओट्याला एक हात लावून उभं राहायचं, अर्ध्या मिनिटानं वाढवत. बाराव्या आठवड्यात ते पाच आरत्या उभे राहिले, सहावी कुणीतरी सुरू केली तेव्हा बसले. त्या आठवड्यात खुर्चीचा आकडा ९ होता. डिसेंबरात, सहाव्या महिन्यात, १३ झाला आणि पोटरी साडेतीस सेंटिमीटरवरून बत्तीसवर आली. अजून कमीच आहे.

जमिनीवरून उठायला मॅडमनी सगळ्यात शेवटी शिकवलं: कुशीवर, मग हात-गुडघ्यांवर, रांगत खुर्चीपर्यंत, खुर्चीवर हात, बरा पाय पुढे आणि उभं. घरात पडल्यावर दुखापत नसेल तर असंच उठायचं असतं, म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकदा करून पाहा.

वही अजून आईकडेच आहे. खुर्ची वॉचमनची होती. तीन महिन्यांनी त्यानं फार संकोचत मागितली तेव्हा आम्ही त्याला नवी आणून दिली, कारण वेगळ्या उंचीच्या खुर्चीवर मोजलं तर मागचे आकडे जुळत नाहीत.